ॲनिमे फिगरची अस्सल-नकली पारख

जपानी ॲनिमे (ॲनिमेशनपट-मालिका) आणि मांगा (चित्रकथा) यांतील पात्रांची संग्राह्य फिगर, म्हणजे छोटी मूर्ती, परवानाधारक कंपनीने काढलेली आहे की तिची विनापरवाना नक्कल आहे, हे ठरवण्याची रीत. अशा नकलेला संग्राहक बूटलेग म्हणतात. नाशिकच्या बाजारात तीच वस्तू ‘फर्स्ट कॉपी’, ‘चायना कॉपी’ किंवा, गिऱ्हाईक नवखे दिसले तर, नुसतीच ‘इम्पोर्टेड’ होते.

नक्कल करणाऱ्याकडे मूळ साचा, मूळ रंगसूत्र किंवा पात्राच्या हक्कधारकाची परवानगी यांपैकी काहीच नसते. त्याच्याकडे विकत आणलेली एखादी फिगर, तिचे स्कॅन किंवा कंपनीने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे असतात. साहजिकच समोरून दिसणारा चेहरा, केसांचा रंग आणि पोझ यांवर तो मेहनत घेतो. बूट, पाठ, सांधे, बेसची (फिगर उभी राहते त्या बैठकीची) खालची बाजू, डब्यातले ट्रे अशा फोटोत न येणाऱ्या जागी तो खर्च वाचवतो, आणि पारख करणाऱ्यानेही नेमके तिथेच पाहायचे असते.

बहुतेक फिगर पीव्हीसी आणि एबीएस या दोन प्लास्टिकच्या असतात. केस, कपडे यांसारखे भाग किंचित लवचिक पीव्हीसीचे, तर बेस आणि भार पेलणारे भाग कडक एबीएसचे. प्रकार मात्र अनेक आहेत आणि ते ठाऊक नसले तर पारख पहिल्याच पायरीवर घसरते. गुड स्माइल कंपनीची नेंडोरॉइड ही मोठ्या डोक्याची, सुमारे १० सेंटिमीटरची मालिका २००६ पासून निघते. मॅक्स फॅक्टरीची सांधे हलणारी फिग्मा २००८ पासून. पात्राच्या उंचीच्या १/७ किंवा १/८ प्रमाणातल्या स्केल फिगर आल्टर, कोतोबुकिया, गुड स्माइल अशा कंपन्या काढतात. बनप्रेस्तो, सेगा, ताइतो, फुर्यू यांच्या प्राइझ फिगर जपानमध्ये क्रेन गेमचे (यांत्रिक पंजाने वस्तू उचलण्याच्या खेळाचे) बक्षीस म्हणून दिल्या जातात. तिथे अशा बक्षिसाच्या किमतीला मर्यादा आहे. ती २०२२ पर्यंत सुमारे ८०० येन होती, नंतर सुमारे १,००० येन झाली. एवढ्या किमतीत बसवलेल्या फिगरच्या केसांवर जोडाची रेघ दिसली किंवा छटा कमी असल्या, तर ती तिच्या वर्गाला साजेशीच असते. स्वस्त म्हणजे नकली असे धरून अस्सल प्राइझ फिगर परत करणारे गिऱ्हाईक नाशिकमध्येही भेटते.

म्हणून किंमत पाहायची ती त्या-त्या वर्गाच्या मानाने. नवी स्केल फिगर आज जपानमध्येच साधारण १५ ते २५ हजार येनांना पडते, म्हणजे खालच्या टोकालाही अलीकडच्या दराने आठ-नऊ हजार रुपये. त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क. भारतात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. हा हिशेब डोक्यात ठेवून कॉलेज रोडवरच्या एखाद्या गिफ्ट शॉपमध्ये तीच फिगर बाराशे रुपयांना दिसली, तर डबा उघडून पाहण्याचेही कारण उरत नाही. मेन रोड-शालिमार भागात येणारा खेळण्यांचा पुष्कळसा माल मुंबईच्या घाऊक बाजारातून उचललेला असतो, आणि तिथे अस्सल-नकली एकाच गठ्ठ्यात येऊ शकते. दुकानदार फसवतोच असे नाही; कित्येकदा आपण काय विकतो आहोत हे त्यालाच माहीत नसते. महागडी नक्कलही असते हे मात्र विसरू नये. किंमत कमी असणे हा संशयाला आधार आहे, पण किंमत जास्त असणे हा अस्सलपणाचा पुरावा नाही.

डब्यावर आधी कंपनीचे चिन्ह आणि कॉपीराइटची ओळ शोधावी. वन पीस या मालिकेच्या फिगरवर एइइचिरो ओदा, शुएइशा आणि तोएइ ॲनिमेशन यांची नावे हवीत. डेमन स्लेयर या मालिकेच्या फिगरवर कोयोहारू गोतोगे, शुएइशा, ॲनिप्लेक्स आणि युफोटेबल. नकली डब्यावर ही ओळ गाळलेली असते, तिच्यात अक्षरांच्या चुका असतात किंवा ती दुसऱ्याच मालिकेची असते. छपाई पुसट, रंग विटके किंवा भडक, पारदर्शक खिडकीचे प्लास्टिक पातळ आणि आतला ट्रे हाताने दाबला की कुरकुरणारा, हीही नेहमीची लक्षणे आहेत. तोएइ ॲनिमेशनच्या मालिकांतल्या बऱ्याच अस्सल फिगरांच्या डब्यांवर मांजराचे चित्र असलेला चमकता स्टिकर असतो. ते मांजर म्हणजे पेरो, तोएइच्या १९६९ च्या चित्रपटातले पात्र आणि आता कंपनीचे बोधचिन्ह. पण हा स्टिकर वन पीस, ड्रॅगन बॉल, सेलर मून अशा तोएइच्या मालिकांपुरता. नारुतो पिएरो स्टुडिओची, त्यामुळे तिच्या डब्यावर पेरो नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. उलट नारुतोच्या डब्यावर पेरो दिसला तर सावध व्हावे.

बारकोडवर विसंबून राहू नये. जपानी कंपन्यांचे क्रमांक ४५ किंवा ४९ ने सुरू होतात हे खरे, पण डबा स्कॅन करून छापणारा बारकोडही जसाच्या तसा छापतो. ‘मेड इन चायना’ या शब्दांवरून निकाल देणे तर सरळ चूक, कारण अस्सल फिगरांचे मोठे उत्पादन चीनमध्येच होते. गुड स्माइलसारख्या कंपनीने जपानमध्ये, तोत्तोरी प्रांतातल्या कुरायोशीला कारखाना काढला, तरी तिचा सगळा माल तिथला नसतो. भारतात रीतसर आयात होऊन दुकानात आलेल्या डब्यावर आणखी एक लेबल असायला हवे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणे बंधनकारक आहे. लेबल नसले की वस्तू नकलीच ठरते असे नाही, कुणीतरी ती बॅगेतून आणलेली असू शकते. पण मग ‘आम्ही अधिकृत विक्रेते’ हे म्हणणे टिकत नाही.

खरी परीक्षा वस्तू हातात आल्यावर. इथे नाशिककरांना एक फायदा आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिक मोल्डिंगचे काम करणारे, साचे बनवणारे लोक घरोघरी आहेत. पार्टिंग लाइन (साच्याच्या जोडाची रेघ), फ्लॅश, सिंक मार्क, गेटची खूण हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत, आणि नकली फिगरचे दोष नेमके तेच असतात. साच्याचे दोन अर्धे नीट बसले नाहीत की कडेला पातळ पापुद्रा उरतो, तो फ्लॅश. प्लास्टिक पुरते थंड होण्याआधीच साच्यातून काढले की जाड भागावर खळगा पडतो, तो सिंक मार्क. गेट, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरते तिथला दांडा, कापल्यावर घासले नाही की टोचणारे टोक राहते. मूळ फिगरवरून पुन्हा साचा काढला असेल तर प्लास्टिक निवताना आकसते, म्हणून नक्कल किंचित लहान उतरते आणि केसांची टोके, बोटांची पेरे, कपड्यांच्या चुण्या बोथट होतात. अंबडला क्यूसीत (मालाच्या गुणवत्ता तपासणीत) काम करणाऱ्या एखाद्या काकांना ॲनिमे म्हणजे काय हे माहीत नसेल, पण दोन फिगर शेजारी ठेवल्या तर ते चुकीची उचलण्याची शक्यता कमी.

रंगकाम त्याच्या खालोखाल. अस्सल फिगरची त्वचा बहुधा मॅट असते आणि गाल, गुडघे, कोपरे यांवर फवाऱ्याने हलकी छटा दिलेली असते. नकलेची त्वचा तेलकट चमकते आणि सगळीकडे सपाट असते. डोळे बहुधा पॅड प्रिंटिंगने, म्हणजे मऊ पॅडच्या ठशाने, छापतात. ते एका रेषेत नसणे, बुबुळातल्या बारीक रेघा फिसकटणे, भुवया केसांखाली गेलेल्या दिसणे, यावरून चेहरा ‘कुठेतरी चुकतोय’ असे वाटते. अर्धपारदर्शक असायला हवेत असे भाग, म्हणजे केसांची टोके किंवा ज्वाळा, नकलेत ठोकळ अपारदर्शक निघतात.

येवल्याची पैठणी पाहणारी जाणती बाई पदर उलटा करते. हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ, यंत्रावरची असेल तर मागे सुटे धागे लोंबतात. फिगर तशीच उलटी करावी. अस्सल बेसच्या तळाशी किंवा पायाखाली कंपनी, हक्कधारक आणि उत्पादनाचा देश कोरलेला किंवा छापलेला आढळतो. बेसवरचे पेग (खुंट्या) तळव्यातल्या भोकात बिनझगडा बसतात. नकलेत ते घासावे लागतात किंवा इतके सैल असतात की फिगर डुलते. नेंडोरॉइडची मान आणि चेहरे बदलून पाहावेत. नकलेचा चेहरा बसवला की केसांच्या पुढच्या भागाशी फट राहते.

काही खुणा दोन्हीकडे सापडतात आणि त्यांवरून घाईने ठरवू नये. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला पोचतो. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या कपाटात एका पायावर उभी असलेली अस्सल पीव्हीसी फिगरही वर्षा-दोन वर्षांत झुकते. बंद डब्यात राहिलेल्या फिगरवर चिकट थर येतो. प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य पृष्ठभागावर झिरपल्याचा तो परिणाम, आणि सौम्य साबणाच्या पाण्याने तो बराचसा निघतो. नव्या डब्याला थोडा वास येतो, नकलेचा मात्र रॉकेलसारखा उग्र आणि आठवडाभर न जाणारा असू शकतो. कंपनीच्या जाहिरातीतले फोटो बहुधा हाताने रंगवलेल्या नमुन्याचे असतात, त्यामुळे कारखान्यातून निघालेली अस्सल फिगरही त्यांच्याहून थोडी वेगळी दिसते. तुलना करायची तर इतर मालकांनी काढलेल्या फोटोंशी करावी. मायफिगरकलेक्शन या फिगरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तसे फोटो आणि नकलांच्या नोंदी दोन्ही मिळतात.

ऑनलाइन खरेदीत वस्तू आधी हातात येत नाही. विक्रेत्याने फक्त कंपनीचेच फोटो लावले असतील तर तळाचा, पाठीचा आणि डब्यावरच्या कॉपीराइट ओळीचा फोटो मागावा. ‘बॉक्स नाही, फॅक्टरीचा जादा माल आहे’ हे वाक्य बूटलेग खपवण्याचे जुनेच आहे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ करून ठेवण्याची सवय नाशिकच्या तरुण संग्राहकांत आता रुळली आहे, आणि ती उपयोगाची आहे.

मूर्तिकारांच्या स्टुडिओंनी पात्राची स्वतःची मूर्ती घडवून रेझिनमध्ये (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या राळेत) काढलेले मोठे पुतळे हा वेगळा प्रकार. ती कुणाची नक्कल नसते, कामही कधीकधी उत्तम असते, पण परवाना नसेल तर ती अनधिकृतच. विकताना हे सांगितले जात नाही, ही त्यातली खरी अडचण.

खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि तसा माल विकणे हे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०३ व १०४ खाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. हक्कधारकाने सीमाशुल्क विभागाकडे नोंद केली असेल, तर २००७ च्या नियमांनुसार नकली माल बंदरावरच अडवता येतो. सामान्य गिऱ्हाइकाला जवळचा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. अस्सल सांगून नकली दिल्यास आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि तिथे न मिटल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीबरोबर बिल लागते, आणि त्यावर ‘टॉय’ एवढेच न लिहिता मालिका, पात्र आणि कंपनीचे नाव लिहून घ्यावे.