तंटामुक्ती की शांतता कमिटी?

मोबाइलच्या स्टेटसवरून गावात दोन गट समोरासमोर आले की पहिला फोन तंटामुक्ती अध्यक्षांना जातो. तो फोन पोलीस ठाण्यात जायला हवा.

तंटामुक्त गाव मोहीम आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केली. तिची समिती ग्रामसभा निवडते. बांध, वाट, भावकीतली वाटणी, किरकोळ मारामारी असे दोन घरांतले तंटे तिथे समजुतीने मिटतात. पण धर्म-जातीत तेढ पसरवण्याचा गुन्हा, म्हणजे न्याय संहितेचं कलम १९६, हा तडजोडीचा विषयच नाही. दोन म्होरक्यांनी हात मिळवले म्हणून तो मिटत नाही.

शांतता कमिटी पोलीस बोलावतात. गणपती, मोहरम, ईद, जयंती जवळ आली की बैठक लागते. तिला निवाडा करायचा नसतो. मिरवणुकीची वाट, वेळ, अफवा यांचं आधीच ठरवायचं असतं. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम बांधवांनी जुलूस पुढे ढकलला. अर्थात कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुस्लिम मिळून उचलतात आणि वाळव्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून मशिदीत गणपती बसतो, ते कुठल्या कमिटीमुळे नव्हे. तो शेजार माणसांनी जपलाय.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखंच. तंटामुक्तीपुढे बाई येते ती बहुतेक अर्जदार म्हणून, आणि 'नांदायला जा' ऐकून परतते. सासरच्या छळाचा गुन्हा, जुनं ४९८अ आणि आताचं कलम ८५, समितीने मिटवायचा नसतो, हे तिला कुणी सांगत नाही. याचा मला फार राग येतो. शांतता कमिटीच्या ज्या बैठकीला मी गेले, तिथे भरल्या हॉलमध्ये आम्ही तिघी होतो. दंगलीत पोरं कुणाची जातात, घर कोण सावरतं?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव १३२५ केला. बायकांना संरक्षण तर हवंच, पण शांततेची बोलणी चालतात तिथेही त्यांना जागा हवी, असं तो सांगतो. तो युद्धात होरपळलेल्या देशांकडे बघून केलेला, तरी आपल्या ठाण्यातल्या बैठकीलाही लागू पडतो.

यंदा गणपतीआधीच्या बैठकीचं बोलावणं बचत गटांना आणि मोहल्ल्यातल्या बायकांनाही धाडा. आणि बैठक दुपारी ठेवा. संध्याकाळी सातला आम्ही भाकऱ्या थापत असतो.