कास्क स्ट्रेंथ व्हिस्की आणि आमचं टेस्टिंग डिनर: नाव देण्याआधी एकदा वाचाच

डिनरला नाव नोंदवताना जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "सगळ्यात कडक कुठली ठेवलीये?" आम्ही ठाण्यातले, पाचपाखाडीतून हा छोटासा धंदा चालवतो, आणि या प्रश्नाचं उत्तर आम्ही देतो पण थोडं नाखुशीनेच, कारण नुसता अल्कोहोलचा आकडा बघून आवडती बाटली ठरवून आलेले बरेच जण गोड पदार्थ येईपर्यंत मत बदलून बसलेले असतात. हे पत्रक त्यासाठीच, म्हणजे टेबलावर आमचं भाषण कमी आणि तुमचं चाखणं जास्त होईल.

कास्क स्ट्रेंथ म्हणजे नक्की काय

कास्क म्हणजे व्हिस्की मुरवायचं लाकडी पिंप. पिंपातून निघालेली व्हिस्की साधारण ५० ते ६५ टक्के अल्कोहोलची असते. कंपन्या त्यात पाणी घालून ती ४० किंवा ४६ टक्क्यांवर आणतात आणि मग बाटलीत भरतात. हे पाणी न घालता भरली की झाली कास्क स्ट्रेंथ. कोकमाचं आगळ आणि तयार सरबत यात जो फरक, तोच इथे. आगळ कोणी तसंच ग्लासभर पीत नाही, आपल्या जिभेला हवं तेवढं पाणी आपण घालतो, आणि जास्तीचे पैसे द्यायचे ते या मोकळीकीसाठी, छाती जाळून घ्यायला नाही.

घरी कपाटात एखादी देशी बाटली असेल तर लेबल बघा, ४२.८ टक्के लिहिलेलं दिसेल आणि बरेचदा शेजारी ७५ डिग्री प्रूफ. हे जुनं ब्रिटिश माप, त्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. ग्लेनफार्क्लस १०५ या स्कॉचच्या नावातला १०५ हा पण तोच हिशोब, म्हणजे ६० टक्के. त्याच हिशोबाने ६० टक्क्यांचा ३० मिलीचा पेग म्हणजे आपल्या नेहमीच्या बाटलीचे जवळपास ४२ मिली झाले. आमच्याकडे १५ मिलीचे पाच नमुने असतात, ऐकायला किरकोळ वाटतं, पण सरासरी ५८ टक्के धरली तर नेहमीचे जवळपास साडेतीन पेग पोटात जातात. त्यामुळे दुपारचं जेवण टाळून येऊ नका, "रात्री भरपूर खायचंय ना" म्हणून उपाशी येणारेच आधी डोलायला लागतात.

जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली का?

नाही. स्कॉटलंडच्या थंड ओलसर गोदामांत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल हवेत उडून जातो आणि त्यात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त जातं, म्हणून वर्षं सरतात तसा आकडा खाली येतो. एखादी जुनी स्कॉच पाणी न घालताही ५० च्या आसपास निघते, त्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे उलटी गंमत, बंगळुरूच्या हवेत हीच घट वर्षाला १० ते १२ टक्क्यांपर्यंत जाते, पिंपाचं लाकूड पण भराभर काम करतं, म्हणून अमृतसारखी व्हिस्की कमी वयात तयार होते आणि अशा बाटल्यांवर वयाचा आकडा बहुतेक नसतोच. अमृत कास्क स्ट्रेंथ ६१.८ टक्के, गोव्याची पॉल जॉन सिलेक्ट कास्क क्लासिक ५५.२ टक्के. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या की आकड्यावरून काहीच कळत नाही हे लगेच लक्षात येतं. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने पॉल जॉनपासून सुरुवात करावी, अमृतला थोडा धीर लागतो पण पाणी पडलं की ती जी खुलते ते बघण्यासारखं असतं.

पाणी: हाच सगळा खेळ आहे

टेबलावर प्रत्येकाला ट्युलिपसारखा निमुळता ग्लास, साध्या तापमानाचं पाणी, एक ड्रॉपर आणि एक छोटा चमचा मिळेल. ग्लास आधी छातीशी धरा, मग हळूहळू नाकाजवळ आणा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. ६० टक्क्यांच्या ग्लासात नाक खुपसलंत तर पुढची दहा मिनिटं नाक बंद, मग व्हॅनिला काय आणि मनुका काय, सगळं सारखंच. पहिला घोट अगदी थेंबभर, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात फिरवून गिळा, तो खरा. मग ड्रॉपरने चार-पाच थेंब पाणी, मिनिटभर थांबा, परत वास. परत थोडं पाणी. १५ मिलीमध्ये पूर्ण एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली पाणी गेलं की ६० टक्क्यांची व्हिस्की बरोबर ४५ वर येते, बऱ्याच जणांची गाडी तिथेच कुठेतरी थांबते.

पाण्याने वास का खुलतो यावर २०१७ साली स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं होतं. ग्वायाकोल नावाचा एक रेणू असतो, धुराचा वास येतो त्यातला एक. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर असलं की तो अल्कोहोलच्या गराड्यात आत अडकून राहतो, आणि ४५ पर्यंत खाली आणलं की वर पृष्ठभागावर येतो. तेव्हा "पाणी घालणं म्हणजे पाप" म्हणणारा काका तुमच्या टेबलावर आला तर त्याला एवढं सांगा आणि आपला ड्रॉपर चालू ठेवा.

पाणी घातल्यावर ग्लास गढूळ दिसला तर बाटली खराब आहे असं समजू नका, कास्क स्ट्रेंथ बहुतेक वेळा थंड करून गाळलेली नसते, त्यातले स्निग्ध घटक पाणी वाढलं की धुकं करतात. बर्फ मागितलात तर देऊ, आमची काही ना नाही, पण थंडीने वास बसतो आणि मग एवढ्या महागाच्या व्हिस्कीचा उपयोग काय.

कशासोबत काय

तिखट आणि स्ट्राँग दारू यांचं जमत नाही, मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग जिभेवर एकाच ठिकाणी लागते आणि एकमेकांना चढवते. म्हणून आमच्या मेनूत मालवणी मसाला हात राखून असतो, "मटण सपक आहे" अशी तक्रार दर वेळी येते आणि दर वेळी आम्ही मसाला तेवढाच ठेवतो. सुरुवात नारळाच्या दुधातल्या कोलंबीने, शाकाहारींना ओल्या काजूची उसळ नाहीतर तसलंच काही सौम्य, सोबत बर्बनच्या (अमेरिकेतली मक्याची व्हिस्की) जुन्या पिंपातली व्हिस्की, तिच्यात व्हॅनिला आणि खोबऱ्याकडे झुकणारी चव असते. मग सुकं मटण आणि शेरीच्या (स्पेनची कडक वाईन) पिंपातली, म्हणजे ॲबरलॉर अबूना किंवा ग्लेनफार्क्लस १०५, यात सुक्या मेव्याचा गोडवा असतो. अबूना बॅचवार निघते, दर बॅचचा आकडा थोडा वेगळा आणि चवही, म्हणून आवडली तर बॅच नंबर लिहून घ्या, नुसतं नाव पुरत नाही.

धुरकट व्हिस्की सगळ्यात शेवटी, कारण ती जिभेवर बसली की उठत नाही. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची (हो, उच्चार असाच आहे) लफ्रॉइग १० कास्क स्ट्रेंथ आणि तव्यावर भाजलेलं सुकट, ही जोडी आमची सगळ्यात लाडकी. काहींना पहिल्या घोटाला हॉस्पिटलचा वास येतो, येऊ दे, सुकट खाऊन परत प्या. शाकाहारी ताटात याच जागी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत येतं आणि खरं सांगायचं तर धुराला धूर तिथे जास्त छान लागतो. सोलकढी अगदी शेवटी भातासोबत, मध्येच घेतलीत तर कोकमाच्या आंबटपणात पुढचा नमुना वाया जाईल. मधल्या वेळात साधं पाणी आणि पावाचा तुकडा.

आवडती कशी निवडायची

प्रत्येक नमुन्यासमोर तीनच गोष्टी लिहा: किती पाणी लागलं, जेवणासोबत बरी वाटली की नुसतीच, आणि ग्लास रिकामा झाल्यावर चव किती वेळ राहिली. रिकामे ग्लास लगेच परत देऊ नका, दहा मिनिटांनी त्यांचाच वास घ्या, निम्मे निर्णय तिथेच होतात. शेजाऱ्याचं मत शेवटी विचारा. आणि विकत घेण्याआधी स्वतःला विचारा की ही बाटली घरी वर्षभरात कितीदा उघडाल, कारण धुरकट व्हिस्की डिनरला सगळ्यांना आवडते आणि घरी गेल्यावर कपाटात पडून राहते. दोनच घ्यायच्या असतील तर एक शेरीवाली आणि एक देशी, हा आमचा सल्ला, पटला तर घ्या. बाटल्या आम्ही विकत नाही, त्या लायसन्स असलेल्या वाईन शॉपमधूनच घ्यायच्या.

नियम आणि नोंदणी

डिनर परमिट रूमचं लायसन्स असलेल्या रेस्टॉरंटमध्येच होतं. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं, दारात आधार किंवा लायसन्स बघू, २४ वर्षं ११ महिने चालणार नाहीत. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा पिण्याचा परवाना असेल तर घेऊन या, नसेल तर एक दिवसाचा परवाना तिथे मिळेल. गाडी आणू नका, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर सापडलात तर पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आमचे पाच नमुने ती मर्यादा सहज ओलांडतात. ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्यांसाठी ट्रान्स हार्बरची लोकल मिळेल अशा बेताने आम्ही आवरतो, घोडबंदरवाल्यांनी दोघा-तिघांत एक कॅब केलेली बरी.

परफ्यूम, अत्तर लावून येऊ नका. गजरासुद्धा नको, मोगऱ्यापुढे कुठल्याच व्हिस्कीचं चालत नाही. पान, बडीशेप सगळं संपल्यावर. मासळीची ॲलर्जी, उपवास, औषधं चालू असतील तर नोंदणीच्या मेसेजमध्येच लिहा, अँटिबायोटिक्स घेत असाल तर या वेळी राहू द्या, जागा पुढच्या डिनरला लावून देऊ. एका वेळी मोजकीच माणसं घेतो, यायचं रद्द होत असेल तर दोन दिवस आधी कळवा म्हणजे वेटिंगवाल्याला बोलावता येईल.