डोळे मिटलेल्या पिल्लाला दूध पाजण्याआधी

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. पण पावसाळ्यात जिन्याखाली सापडणाऱ्या पिल्लाचे डोळे खरोखरच मिटलेले असतात. गेल्या जुलैत असं एक पिल्लू हातात आलं, तेव्हा मी फ्रिजमधलं दूध वाटीत ओतून त्याच्यापुढे ठेवलं. वाटी तशीच राहिली. आठवड्याभराच्या पिल्लाला वाटीतून पिता येत नाही, त्याला फक्त लुचता येतं. बरंच झालं म्हणायचं, कारण त्या घडीला त्याला दूध देणंच चूक होतं.

त्याआधी एक शंका फेडून घ्यावी: पिल्लू खरंच पोरकं आहे का? मांजर पिल्लांना सात घरं हिंडवते, असं आजी म्हणायची. सातचा आकडा सोडा, पण भाटी जागा बदलते आणि पिल्लं मानगुटीला धरून एकेक करून नेते. मधल्या वेळात मागे राहिलेलं पिल्लू आपल्याला टाकून दिल्यासारखं दिसतं. ते स्वच्छ, गुबगुबीत आणि गाढ झोपलेलं असेल, तर लांबून काही तास वाट पाहावी. आमचं मात्र भिजलेलं होतं आणि गारठलं होतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचं तापमान 35-36 अंश सेल्सिअस असतं, मोठ्या मांजराचं 38-39. थंडीत कुडकुडून स्नायूंनी ऊब निर्माण करणं या वयात जमत नाही. आईची आणि भावंडांची ऊब हीच त्याची शेगडी. ती गेली की शरीर थंड पडतं आणि आतड्यांची हालचाल मंदावत जाते. अशा पोटात ढकललेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच नासतं. गिळणंही धड होत नसल्यामुळे ते फुप्फुसात शिरू शकतं. म्हणून आधी शेक. गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे पिल्लाला नको वाटलं तर लांब सरकता येतं. हीटरसमोर धरायचं नाही, ऊब हळूहळूच द्यायची. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घालून पाहा. आत गार लागलं तर दूध नाही.

आता दूध कुठलं? ‘गायीच्या दुधात लॅक्टोज असतं, म्हणून मांजराला चालत नाही,’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. मोठ्या मांजराबद्दल ते बरंचसं खरं आहे, पिल्लाबद्दल अर्धवट. मांजरीच्या स्वतःच्या दुधातही सुमारे 4 टक्के लॅक्टोज असतं, गायीच्या दुधात 4.7 टक्के. ते पचवणारं विकर पिल्लाकडे असतं, दूध सुटल्यावर ते कमी होत जातं. खरी तफावत प्रथिनांची आहे. मांजरीच्या दुधात ती 7 टक्क्यांच्या आसपास असतात, गायीच्या 3.3 टक्के. मग म्हशीचं? साय भरपूर, पण प्रथिनं 4 टक्क्यांच्या थोडीच वर. शेळीचं दूध गायीच्या जवळपास जातं.

हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. 100 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण 20 किलोकॅलरी लागतात. गायीच्या एका मिलिलिटरमध्ये त्या 0.65च्या आसपास, म्हणजे 30 मिलिलिटर दूध हवं. पोटात एका वेळी मावतं जेमतेम 4 मिलिलिटर. पोट सतत तुडुंब आणि तरी वाढीपुरती प्रथिनं नाहीत, अशी अवस्था. शिवाय एवढ्या दुधातून दीड ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज जातं. न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं, की लागले जुलाब. मूठभर जिवाला शरीरातलं पाणी गमावणं परवडत नाही. म्हणून पिल्लांसाठीची दूध पावडरच आणायची. ती मिळेपर्यंत काय द्यायचं, हे जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारावं, शेजाऱ्यांना नव्हे.

पाजताना पिल्लाला बाळासारखं उताणं धरायचा मोह होतो. तो आवरा. आईपाशी ते पालथं, मान किंचित वर करून लुचतं, आपल्याकडेही तसंच हवं. दूध मनगटावर कोमट लागेल इतपतच गरम, आणि सिरिंज असेल तर थेंब थेंब. नाकातून दुधाचे बुडबुडे आले तर लगेच थांबायचं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी हे करायचं, रात्रीसुद्धा. घरात गजर कुणी लावायचा, यावरून आमच्याकडे रोज वाद व्हायचे.

दूध पाजून काम संपत नाही. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ती होते. आपण कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलकेच फिरवायचा. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनही करायचं. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ चांगली. वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

चौथ्या आठवड्यात दात टोचू लागतात, पिल्लू बाटलीचं निपल चावतं. इथे दूध-पोळीचा मोह होतो, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते, कारण नुकसान लगेच दिसत नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. पोळीत ते नाही, गायीच्या दुधात नगण्य. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे 1975 साली दिसून आलं. हृदयही कमकुवत होतं, हे 1987 साली. म्हणून पिल्लांचं तयार खाद्य त्याच पावडरच्या दुधात पातळ कालवून द्यायचं.

ते मी त्याच जुन्या वाटीत दिलं. पिल्लाने आधी चारही पाय आत घातले, मग बाहेर येऊन पंजे चाटत जेवण उरकलं.