विष काढायचं, तर आधी ते होऊ द्यायचं

आषाढी एकादशी जवळ आली की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो : साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्यात सायनाइड असतं, तेव्हा खिचडी खाऊ नका. यंदा आमच्या सोसायटीच्या गटावर तो दोनदा आला. दुसऱ्यांदा सोबत कवटीचं चित्रही होतं.

संदेश धादांत खोटा असता तर सोडून दिला असता. पण तो अर्धा खरा आहे. कसाव्याच्या (साबुकंदाच्या) कडू वाणांपासून माणूस मरेल इतकं सायनाइड तयार होऊ शकतं. तरीही ॲमेझॉनच्या जंगलात नदीकाठची गावंच्या गावं हजारो वर्षं याच कडू कंदावर जगत आली आहेत, आणि तीही तो मुद्दाम लावून. कसं, ते बघायला उआउपेस नदीवर जायला हवं.

उआउपेस कोलंबियात उगम पावते आणि ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो या उपनदीला मिळते. पाणी काळं, म्हणजे कोऱ्या चहासारखं. कुजलेल्या पानांतली आम्लं त्यात उतरलेली असतात. अशा आम्लधर्मी पाण्यात डास फारसे वाढत नाहीत, हे सुख. पण क्षार नाहीत, त्यामुळे मासळीही बेताची. काठची जमीन बरीचशी पांढरी वाळू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिच्यातलं उरलंसुरलं धुऊन नेतो. रस्ता म्हणजे नदी. मध्ये धबधबे आले की होडी रिकामी करून सामान खांद्यावर घ्यायचं. वर्षावन म्हटलं की आपल्याला फळांनी लगडलेली झाडं दिसतात. इथे राहणाऱ्या तुकानो, देसाना वगैरे लोकांचं पोट मात्र जंगल तोडून-जाळून केलेल्या शेतातला कसावा भरतो. गोडे वाण त्यांना माहीत आहेत, थोडे लावतातही. मुख्य पीक कडूच.

आता खरी गंमत. अखंड, न कापलेल्या कंदात मोकळं सायनाइड जवळजवळ नसतंच. असतं ते लिनामरिन : ग्लुकोजला बांधून ठेवलेलं, निपचित पडलेलं संयुग. ते पेशीच्या रिक्तिकेत (आतल्या पिशवीत) साठवलेलं असतं. त्याला फोडणारं विकर (एन्झाइम), लिनामरेज, पेशीभित्तिकेत. म्हणजे काडी एका खोलीत आणि पेटी दुसऱ्या खोलीत. उंदराने किंवा अळीने कंद कुरतडला की भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि खाणाऱ्याच्या तोंडात विष तयार होतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली की ‘किराळ लागते’, जनावर फुगून, धापा टाकून तडफडतं. तिथलं संयुग वेगळं, युक्ती हीच. सायनाइड पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये जाऊन श्वसनसाखळीतलं शेवटचं विकर अडवतं. रक्तात ऑक्सिजन असतो, पेशीला तो वापरता येत नाही.

मग बाई काय करते? (हे काम बायकांचंच आहे.) कंद उपटून, कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर तोललेल्या टोपलीतून घरी आणते, सोलते आणि किसते. किसणी म्हणजे लाकडी फळीत बसवलेल्या दगडाच्या बारीक कपच्या. किसणं ही इथली सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण किसताना ती उंदराचंच काम करते, फक्त हजारपट चोख. पेशीन् पेशी फोडते. लिनामरिन आणि लिनामरेज एकत्र येतात, ग्लुकोज सुटतं आणि ॲसिटोन सायनोहायड्रिन उरतं. विष काढण्यासाठी ती आधी विष होऊ देते!

हे सायनोहायड्रिन मात्र थोडं हट्टी आहे. सामू (pH) पाचाच्या वर असेल किंवा उष्णता मिळाली तर ते आपोआप तुटतं : एकीकडे ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात तेच), दुसरीकडे हायड्रोजन सायनाइड. पण किसलेला लगदा ठेवला की आंबतो, सामू खाली येतो आणि सायनोहायड्रिन तसंच टिकून राहतं. त्याला तोडणारं दुसरं विकर पानांत भरपूर असतं, कंदात नाही. म्हणून शेवटी तापवणं भागच. एकदा हायड्रोजन सायनाइड सुटलं की काम सोपं, कारण ते २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. तव्याच्या धगीपुढे त्याचा काय निभाव लागणार?

त्याआधी लगदा पाणी घालून चाळणीवर धुतात आणि चोथा तिपितीत भरतात. तिपिती म्हणजे तिरक्या विणीची, माणसाहून लांब, वेताच्या अजगरासारखी पिशवी. वरचं टोक तुळईला, खालच्या फासात दांडा, दांड्यावर बाई बसते. ओढ बसली की विणीच्या पट्ट्या सरळ होऊ पाहतात, पिशवी लांबते आणि बारीक होते, आतला चोथा चहूबाजूंनी आवळला जातो. रस गळतो आणि त्याबरोबर पाण्यात विरघळलेलं लिनामरिन आणि सायनोहायड्रिनही. उरलेला भुगा मोठ्या गोल तव्यावर भाजून भाकरीसारखं बेजू होतं, नाहीतर कोरडं, महिनोन् महिने टिकणारं पीठ. रसाच्या तळाशी स्टार्च बसतो. तुपी भाषेत तो टॅपिओका. वरचा रस सर्वांत जहाल, पण तोही खळाखळा उकळला की पिण्याजोगा होतो. बेजू बुडवायला माशाचं झणझणीत मिरचीचं पाणी असतंच.

‘मग कंद नुसता उकडून घेतला तर?’ असं वाटणं साहजिक आहे आणि तिथेच घात होतो. उकळत्या पाण्यात लिनामरिन बराच काळ टिकतं, लिनामरेज मात्र मरतं. अख्खा कडू कंद उकडला की फोडणारा गेला आणि विषाची कुपी शाबूत. ती पुढे आतड्यातले जिवाणू उघडतात. एका किलोमागे १०० मिलिग्रॅमहून अधिक सायनाइड देऊ शकणाऱ्या कंदाला कडू म्हणतात, काही वाणांत ते कितीतरी जास्त. माणसाला मारायला वजनाच्या किलोमागे अर्धा ते साडेतीन मिलिग्रॅम पुरतं.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात हे पीक आफ्रिकेत नेलं. तिथेही लोकांनी भिजवण्याच्या, आंबवण्याच्या आपल्या रीती बसवल्या. पण दुष्काळात किंवा युद्धात घाईने पायऱ्या गाळल्या गेल्या की कोन्झो नावाचा आजार येतो : पाय एकाएकी ताठरून अधू होतात आणि पुन्हा सुधारत नाहीत. १९८१ साली मोझांबिकमध्ये दुष्काळात त्याची मोठी साथ आली होती. थोडंथोडं सायनाइड शरीर गंधकाच्या मदतीने निष्प्रभ करतं. तो गंधक प्रथिनांतून येतो. ज्याच्या ताटात मासा नाही, त्याच्यावर कसावा उलटतो. किराळ लागलेल्या जनावराला पशुवैद्य सोडियम थायोसल्फेट टोचतो, तेही याच गंधकासाठी.

‘नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक’ म्हणत जंगलाच्या नावाची चूर्णं विकणाऱ्यांना एकदा तिपितीसमोर बसवावं. आणि कवटीवाल्या संदेशाबद्दल : आपला साबुदाणा बहुतेक तमिळनाडूत सेलमकडून येतो. तिथे यंत्रं कंद किसतात, धुतात आणि तळाशी बसलेला स्टार्च घेऊन त्याचे दाणे भाजतात. म्हणजे तेच काम, बाईऐवजी मोटर. विष धुऊन गेलेलं असतं. खिचडीला नावं ठेवायचीच तर नुसता स्टार्च म्हणून ठेवा. उपासाला ती ‘चालते’ याचा शास्त्राधार शोधणाऱ्यांनीही जपून : कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही अमेरिकेतून आलेले.

या सगळ्या खटाटोपापेक्षा गोडे वाणच का लावत नाहीत? कारण निकस जमिनीत, अळ्या-उंदरांच्या गराड्यात स्वतःची राखण करणारं पीक परवडतं. पिठाला आणि बेजूलाही कडूच बरा. या खोऱ्यात शंभराहून अधिक वाण आहेत. ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेनं २०१० साली रिओ नेग्रोच्या शेतीपद्धतीला सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. वाण इतके का, याचं एक उत्तर लग्नात आहे. इथे आपलीच भाषा बोलणाऱ्याशी लग्न चालत नाही. मुलगी दुसरी भाषा बोलणाऱ्या गावात जाते. कसावा लावतात तो खोडाच्या कांड्यांनी. आईच्या शेतातल्या कांड्या तिच्याबरोबर होडीतून जातात, सासूच्या कांड्यांशेजारी लागतात, आणि दोघींच्या मधोमध कधी एखादं रोप आपसूक बी पडून उगवलं तर तेही ठेवून बघतात.