नॉर्थ करेलिया प्रकल्प

फिनलंडच्या पूर्व सरहद्दीवरील नॉर्थ करेलिया (फिनिश नाव : पोह्योइस-कार्याला) या प्रांतात १९७२ साली सुरू झालेला हृदयविकार प्रतिबंधाचा लोककार्यक्रम. अख्ख्या प्रांताचे खाणेपिणे, धूम्रपान आणि रक्तदाबाची देखभाल एकाच वेळी बदलण्याच्या जगातील पहिल्या मोठ्या प्रयत्नांत त्याची गणना होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता अशा जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांसाठी आज गावोगावी जे जीवनशैली कार्यक्रम चालतात, त्यांतील अनेकांची मुळे या प्रकल्पात सापडतात.

१९७०च्या सुमारास या प्रांताची लोकसंख्या सुमारे १,८०,००० होती. योएन्सू हे मुख्य शहर. बाकी सगळी तळी, जंगले आणि त्यांत विखुरलेली खेडी. लाकूडतोड आणि दुग्धव्यवसाय हे पोटापाण्याचे धंदे. दुसऱ्या महायुद्धात करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणि विस्थापितांना सरकारने जमिनी दिल्या. त्यांनी जंगल तोडून शेते केली, गाई आणि डुकरे पाळली. ज्यांनी टंचाईचे दिवस काढले त्यांना घरात दूध, लोणी आणि मांस भरपूर असणे हेच भाग्य वाटले, आणि ते साहजिकही होते. राईच्या पावावर लोण्याचा जाड थर, तळण लोण्यातलेच, जेवताना पाण्याऐवजी साय न काढलेले दूध, खारवलेले मासे, आणि भांड्यात उकळून न गाळता प्यायलेली कॉफी, असा रोजचा आहार होता. (अशा कॉफीत उतरणारा तेलकट अंश स्वतःच कोलेस्टेरॉल वाढवतो, हे पुढे सिद्ध झाले.) उन्हाळा अगदी आखूड, त्यामुळे ताजी भाजी कमी, आणि हिरवा पाला गुरांनी खायचा, अशीच बहुतेक पुरुषांची समजूत होती. निम्मे पुरुष सिगारेट ओढत.

अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८पासून सात देशांतील मध्यमवयीन पुरुषांचा हृदयरोगाच्या दृष्टीने अभ्यास सुरू केला. त्यात पूर्व फिनलंडचा गट नॉर्थ करेलियातील इलोमान्त्सी भागातून घेतला होता, आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू याच गटात सर्वाधिक निघाले. हे पुरुष बैठी कामे करणारे नव्हते. दिवसभर जंगलात करवत चालवणारी, दिसायला दणकट माणसे चाळिशी-पन्नाशीत छातीवर हात धरून कोसळत होती. अंगमेहनत करणाऱ्याला हृदयविकार होत नाही, हा समज आपल्याकडच्या खेड्यांतही अजून घट्ट आहे. इलोमान्त्सीची आकडेवारी त्यावरचे रोकडे उत्तर आहे.

जानेवारी १९७१मध्ये प्रांताचे गव्हर्नर एसा टिमोनेन, प्रांतातील खासदार आणि स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींनी सरकारला निवेदन दिले : आमची माणसे मरताहेत, काहीतरी करा. मागणी लोकांकडून आली ही या प्रकल्पाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वरून आलेल्या योजनेला गावाची दारे इतकी सहज उघडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने आराखडा झाला आणि प्रकल्पाची धुरा पेक्का पुस्का या २७ वर्षांच्या डॉक्टरकडे आली. वैद्यकाबरोबर त्यांनी समाजशास्त्रीय विषयांचेही शिक्षण घेतले होते आणि ते पदोपदी कामी आले.

सुरुवातीच्या १९७२च्या पाहणीत पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल डेसिलिटरला जवळपास २७० मिलिग्रॅम निघाले. म्हणजे ज्या आकड्याला आज डॉक्टर गोळी लिहून देतात, तो आकडा तिथे चारचौघांचा होता. मग ‘धोक्यातले रुग्ण’ निवडायचे तरी कसे? पुस्का आणि सहकाऱ्यांनी सगळा प्रांतच रुग्ण मानला. थोड्यांचा मोठा धोका कमी करण्यापेक्षा सगळ्यांचा थोडा थोडा धोका कमी केला तर जास्त जीव वाचतात, हा विचार ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५मध्ये नेमक्या शब्दांत मांडला; नॉर्थ करेलियात तो आधीच अमलात आला होता.

आधीपासून आजारी असलेल्यांना मात्र वाऱ्यावर सोडले नाही. फिनलंडमध्ये १९७२ सालीच प्राथमिक आरोग्यसेवेचा कायदा होऊन गावोगावी आरोग्य केंद्रे उभी राहू लागली होती. त्या केंद्रांतील परिचारिकांना रक्तदाब मोजण्याचे आणि रुग्णाचा पाठपुरावा करण्याचे शिक्षण मिळाले, रक्तदाबाच्या रुग्णांची प्रांतभर नोंदवही तयार झाली, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे गट बांधले गेले. डॉक्टर कमी आणि अंतरे मोठी, तेव्हा कामाचा भार परिचारिकेने उचलला.

खरी गंमत स्वयंपाकघरात झाली. फिनलंडमध्ये १८९९पासून ‘मार्था’ नावाची गृहिणींची संघटना आहे. आपल्याकडचे महिला मंडळ डोळ्यांसमोर आणले तर तिची कल्पना येईल. नुसती व्याख्याने आणि पत्रके कामाची नाहीत हे लवकरच कळल्यावर प्रकल्पाने मार्थांची मदत घेतली. गावात ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरू लागल्या. प्रकल्पाचा माणूस थोडा वेळ बोले, मग बायका चुलीपाशी जात आणि सगळे मिळून जेवत. कार्यालानपाइस्ती हा तिथला मानाचा पदार्थ. मांसाचे तुकडे, पाणी, मीठ आणि थोडे मिरे मातीच्या भांड्यात घालून ते पाव भाजून झालेल्या भट्टीच्या उरलेल्या धगीवर तासन्‌तास ठेवायचे, की चरबीचा तवंग आलेला दाट रस्सा तयार होतो. मार्थांनी तो बंद करा म्हटले नाही. भांडे तेच, भट्टी तीच. डुकराचे मांस थोडे कमी, त्या जागी रुटाबागा नावाचा सलगमासारखा कंद, बटाटे आणि गाजरे. मीठही हात आखडून. पाहुण्यांनी खाल्ले, आवडले, आणि कृती घरी गेली. सुनेने केलेला बदल सासऱ्याच्या पानात उतरायला यापेक्षा सोपी वाट नसावी.

याच्या जोडीला गावोगावच्या, ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा माणसांना हाताशी धरले गेले. दुकानदार, संघटनांचे कार्यकर्ते, शिक्षक यांनी बोलता बोलता शेजाऱ्याला पटवायचे, इतकेच त्यांचे काम. नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावरचे एव्हरेट रॉजर्स यांचे सिद्धांत प्रकल्पाने कागदावरून गावच्या चावडीवर आणले, असे म्हणता येईल.

पण लोण्यावर बोलणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे होते. दूध संघांनी आणि शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्या काळी तिथेही दुधाचा भाव फॅटवर ठरे. फॅटवरचा भाव म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकाला समजावून सांगायला नको. हा विरोध समजूत घालून मिटण्यातला नव्हता, तिथे पैशाचीच सोय लावावी लागली. पुढे दुधाच्या दरात प्रथिनांना वजन मिळू लागले आणि कमी फॅटचे दूध बाजारात आले. थंड हवेत तग धरणारी, मोहरीच्या कुळातील रेपसीड देशात पिकू लागली आणि तिचे तेल स्वयंपाकघरात शिरले. १९८०च्या दशकात बेरी प्रकल्प निघाला : गाई कमी करणाऱ्या शेतकऱ्याने स्ट्रॉबेरी, करंट अशी फळे लावावीत, म्हणजे त्याचे उत्पन्नही राहते आणि प्रांताला फळेही मिळतात. सॉसेज बनवणाऱ्या स्थानिक कारखान्याने चरबीचा काही भाग काढून अळंबी घातली. ग्राहकाला उपदेश करण्यापेक्षा दुकानाच्या फळीवरचा मालच बदलणे किती प्रभावी ठरते, याचे हे उदाहरण आहे आणि आरोग्य शिक्षणाच्या नावाने नुसते फलक लावणाऱ्यांनी ते जरूर अभ्यासावे.

धूम्रपानाच्या बाबतीत गावागावांत सिगारेट सोडण्याच्या स्पर्धा लागल्या, दूरचित्रवाणीवर सिगारेट सोडण्याचे वर्ग झाले. १९७६च्या तंबाखू कायद्याने जाहिरातींवर बंदी आणली.

पहिल्या पाच वर्षांनंतर, म्हणजे १९७७पासून, हा अनुभव देशभर नेण्यात आला आणि १९९७मध्ये, २५ वर्षांनी, प्रकल्प औपचारिकरीत्या संपला. दर पाच वर्षांच्या पाहण्या त्यानंतरही चालू राहिल्या. ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतील हृदयधमनी विकाराचे मृत्यू १९७०च्या तुलनेत चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले, आणि २०१२पर्यंत पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल २१०च्या आसपास आले.

या यशाचे श्रेय नेमके कोणाचे, यावर मात्र वाद आहे. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले, साऱ्या फिनलंडमध्येच घटले. वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी सरहद्द पाळत नाहीत, त्यामुळे बदल शेजारी पाझरला, असे प्रकल्पाचे म्हणणे. टीकाकारांचे म्हणणे असे की घट एरवीही झालीच असती. १९८०च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा आणि पॉटकेट येथे झालेल्या तशाच कार्यक्रमांना फारसे यश आले नाही, हा मुद्दा टीकाकारांच्या बाजूने जातो. तरी एक फरक नोंदवला पाहिजे : फिनलंडमध्ये कायदा, दुधाचा दर, तेलाचे पीक आणि आरोग्य केंद्र ही सगळी एकाच दिशेने हलली. नुसत्या प्रचाराला ते बळ येत नाही.

चयापचयाच्या आजारांचे चित्र इतके उजळ नाही. कोलेस्टेरॉल उतरत असताना फिनिश पुरुषांची वजने वाढत गेली. मात्र मधुमेह रोखण्याचा ठोस पुरावा याच देशातून आला. रक्तातील साखर वाढलेली (पण अजून मधुमेह नाही) आणि जास्त वजन असलेल्या ५२२ जणांच्या फिनिश अभ्यासात (२००१) आहार आणि व्यायामाच्या वैयक्तिक मार्गदर्शनाने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी पाच साधी उद्दिष्टे होती : वजनात पाच टक्के घट, एकूण स्निग्ध पदार्थ कमी, त्यांतही लोणी-सायीतले संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी, तंतुमय अन्न जास्त, रोज अर्धा तास हालचाल. चार किंवा पाच उद्दिष्टे गाठलेल्यांपैकी त्या काळात एकालाही मधुमेह झाला नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेल्या भारतीय अभ्यासात (२००६) ही घट २८.५ टक्के होती. आपली शरीरेही वेगळी आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन या दोघांचा शरीरभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. या दोघांचे छायाचित्र २००४मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा फिनलंडचे पथ्य जसेच्या तसे इकडे आणून उपयोग नाही. घेण्यासारखी आहे ती पद्धत.

ती पद्धत भारतात आली केरळमध्ये. फिनलंडमधील गट-मार्गदर्शनाचा एक कार्यक्रम ऑस्ट्रेलियामार्गे तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पोचला. मतदानाच्या ६० विभागांतून १,००७ माणसे निवडली गेली आणि त्याच वस्तीतल्या सामान्य माणसांना गटप्रमुख म्हणून तयार केले गेले. दोन वर्षांनी मधुमेहाच्या प्रमाणात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम फरक दिसला नाही (२०१८); भाज्या-फळे खाणे मात्र वाढले, दारू कमी झाली.

महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यातच आले. ठरावीक औषधक्रम, रुग्णाचे कार्ड आणि घराजवळ गोळ्या हा त्याचा गाभा, म्हणजे नॉर्थ करेलियातील परिचारिकेचेच काम. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तपासणी अर्ज आशाताई दारात बसून भरतात : वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याचा व्यायाम, घरात कुणाला रक्तदाब-मधुमेह-हृदयविकार आहे का. उत्तरांना मिळालेल्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासणीला पाठवायचे. गुण मिळणारे प्रश्न एवढे सहाच. घरात महिन्याला तेल किती लागते, मीठ किती, साखर किती, हे त्या सहांत नाही.