बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने ओरडत नाही

इंदूरहून महेश्वर, ओंकारेश्वरला नर्मदेवर जाणाऱ्या आपल्या मराठी घरांमधे एक समज पक्का बसलाय, की कोणी बुडायला लागलं तर तो जिवाच्या आकांताने ओरडेल, हात हलवेल, आणि घाटावर बसलेल्यांना कळेलच. हे साफ चुकीचं आहे, आणि पोरांना पाण्यात सोडून गप्पा मारत बसणाऱ्यांनी तर नीट वाचाच.

ओरडायला आधी श्वास लागतो ना. बुडणाऱ्याचं तोंड क्षणभरच पाण्यावर येतं, तेवढ्यात श्वास सोडून परत आत घेणंच जेमतेम जमतं, मग हाक कुठून मारणार? हातही वर जात नाहीत, ते आपोआप दोन्हीकडे पसरून पाणी खाली दाबत राहतात, तोंड वर यावं म्हणून, आणि ते थांबवणं त्याच्या हातात नसतं. अमेरिकन लाइफगार्ड फ्रँक पिया यांनी १९७०च्या दशकात हे नीट मांडलं. वेळ मिळतो साधारण २० ते ६० सेकंद, बस.

लांबून वाटतं पोरगं उभ्याउभ्या खेळतंय. डोकं मागे, तोंड पाण्याच्या लेव्हलला, केस डोळ्यांवर आलेत तरी बाजूला करत नाही. हाक मारा, उत्तर नाही आलं तर लगेच नाववाल्याला बोलवा, ट्यूब नाहीतर रिकामा कॅन अगदी त्याच्या हाताखाली जाईल असा सरकवा, लांब फेकलेला दोर त्याला बहुतेक पकडता येत नाही. आणि रिकाम्या हाताने उडी मारू नका, तो तुम्हालाच घट्ट धरेल.

जो खरंच ओरडतोय त्यालाही मदत पाहिजेच, त्याच्यात अजून दम आहे एवढंच.