बंबाची नळी आणि कल्हई: जुन्या ट्रॅक्टरचा ओला लाइनर, कोरडा लाइनर

माझ्या मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टरचं हेड (इंजिनवरचं झाकण) उघडलं त्या दिवशी तळवलीहून मावसभाऊ आला होता. ठाण्यातल्या कोलशेतच्या घराच्या पडवीत आम्ही दोघं बॅटरी मारून सिलिंडरमध्ये वाकून बघत होतो. पिस्टनच्या वरच्या रिंगेने घासून घासून भिंतीला चांगला ओठ पाडला होता, नखाला अडकेल इतका. तो म्हणाला, "लाइनर गेले रे. त्यात काय, एका दुपारचं काम आहे. मी माझे घरीच उपसले होते."

त्याचं म्हणणं खरं होतं, पण त्याच्या ट्रॅक्टरपुरतं. त्याच्याकडे एचएमटी 2511 आहे, दोन सिलिंडरचा. पिंजोरच्या कारखान्यात एचएमटीने 1971 साली झेटरच्या सहकार्याने 25 अश्वशक्तीचे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातला. त्याचे लाइनर ओले आहेत आणि माझे कोरडे. दुकानात दोघांनाही लाइनरच म्हणतात, कुणी स्लीव्ह म्हणतो, आणि किटच्या खोक्यात दोन्ही सारखेच दिसतात: सिलिंडरच्या आत बसणारी, ज्यात पिस्टन फिरतो ती बिडाची गुळगुळीत नळी, वर कॉलर. जुना ट्रॅक्टर घरी उभा करायला निघालेल्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत या सारखेपणातून होते. म्हणून आधी फरक.

तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ आणि त्या नळीला चहूबाजूंनी थेट भिडलेलं पाणी. नळीला भोक पडलं तर पाणी जाळात. ओला लाइनर म्हणजे बंबाची ती नळी. आत पिस्टन आणि स्फोट, बाहेरच्या अंगाला रेडिएटरचं पाणी, मध्ये दुसरं काही नाही. त्यामुळे तो जाड असतो. वरच्या कॉलरवर ब्लॉकमधल्या खाचेत बसतो, हेड त्याला दाबून धरतं, आणि खाली रबरी रिंगा किंवा धातूचं गॅस्केट पाणी ऑइलमध्ये उतरू देत नाही.

कोरडा लाइनर म्हणजे पितळी पातेल्याची कल्हई. पातेलं म्हणजे ब्लॉक. ब्लॉकला स्वतःची पूर्ण भिंत असते, पाणी त्या भिंतीपलीकडे, आणि लाइनर हे आतून दिलेलं पातळ अस्तर. पाण्याचा आणि त्याचा संबंध येत नाही. म्हणून तो दोन-तीन मिलिमीटरचा असला तरी चालतो, पण ब्लॉकच्या भिंतीला त्याला सगळीकडून घट्ट चिकटून बसावं लागतं. कल्हई फुगली की पातेलं करपतं, तसंच.

आता गंमत बघा, मॉडेलचं नाव सांगून काम भागत नाही. मॅसी फर्ग्युसन 35 चंच घ्या. सुरुवातीच्या डिझेल 35 मध्ये स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, ओल्या लाइनरचं. थंडीत चालू व्हायला त्रास देणारं म्हणून ते बदनाम होतं. 1959 च्या अखेरीपासून त्याच ट्रॅक्टरमध्ये पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) 3.6 इंच म्हणजे 91.4 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 5 इंच, एकूण सुमारे अडीच लिटर. हे कोरड्या लाइनरचं. बाहेरून दोन्ही लाल 35. त्याआधीच्या करड्या फर्ग्युसन टीई 20 चं स्टँडर्ड इंजिनही ओल्या लाइनरचं. 1946 ते 1956 या काळात कॉव्हेंट्रीला असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. आणि आयशरचे सुरुवातीचे ट्रॅक्टर तर हवेने थंड होणारे, त्यांना पाणीच नाही, तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून किट मागवताना ट्रॅक्टरचं नाव सांगू नका, इंजिनवर ठोकलेला नंबर सांगा. आणि तोही पुरेसा मानू नका. पन्नास-साठ वर्षांत कुणी कुठलं इंजिन बसवलं असेल, सांगता येत नाही.

हेड उघडल्यावर ओळख सोपी आहे. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग चिंधीने आणि डिझेलने नीट पुसा. सिलिंडरभोवती जाड कडं वेगळं दिसलं तर बहुधा ओला. केसासारखी रेघ आणि आत बारीक कड दिसली तर कोरडा. पण कॉलर फसवते, कारण कोरड्यालाही कॉलर असू शकते. पक्की खात्री खालून होते: इंजिनच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवून वर बघा. ओल्या लाइनरचं खालचं टोक ब्लॉकच्या खाचेत रिंगांसकट बसलेलं दिसतं. चेंबर उतरवण्याआधी एक सावधगिरी मात्र हवी. या जुन्या ट्रॅक्टरना गाडीसारखी चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स हाच कणा, आणि फर्ग्युसन घराण्यात चेंबरही ओतीव, भार पेलणारं. पुढचा भाग सोडवायच्या आधी खाली सागाचे ठोकळे आणि दोन जॅक पाहिजेत. एका जॅकवर कधीही विसंबू नका.

ओल्या लाइनरचा मोठा गुण हा की तो घरी बदलता येतो. हेड काढलं, चेंबर काढलं, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या सोडल्या, की पिस्टन वर येतो आणि त्यामागून लाइनरही पुलरने उपसता येतो. ब्लॉक ट्रॅक्टरवरच राहतो. भावाने तळवलीत हेच केलं होतं. पण त्याच्या "एका दुपारच्या" कामात दोन गोष्टी राहून गेल्या आणि त्या त्याला पुढे नडल्या.

पहिली, बसायची खाच. लाइनरची कॉलर ज्या खाचेत बसते तिथे वर्षानुवर्षांचा गंज आणि खडा झालेला चुना असतो. त्यातला कणभर राहिला तरी लाइनर तिरका बसतो. ती खाच खरवडून, घासून, हात फिरवून चकचकीत करायची. मग रबरी रिंगा न लावता नुसता लाइनर ठेवायचा आणि तो ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) चार जागी मोजायचं. स्टँडर्डच्या इंजिनात हे माप साधारण 3 ते 5 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. इतर इंजिनांचं माप त्यांच्या पुस्तकात असतं. कमी असेल तर हेड लाइनरला दाबतच नाही, गॅस्केट फुंकतं आणि पाणी जातं. शेजारच्या दोन लाइनरांत फरक असेल तरी तेच होतं. भावाने मोजलं नव्हतं. नवीन किट आहे म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालला.

दुसरी गोष्ट मी स्वतः केली आणि आजही तिचं वाईट वाटतं. त्याचे लाइनर बसवून झाले होते, हेड अजून लावलं नव्हतं. मी क्रँक फिरवून पिस्टन वर-खाली होतात का ते बघितलं. हेड नसताना ओल्या लाइनरला वरून कुणी धरून ठेवलेलं नसतं. पिस्टन वर जाताना रिंगांच्या घर्षणाने लाइनर किंचित उचलला जातो, खालची रबरी रिंग दुमडते किंवा चिरते, आणि दिसत काहीच नाही. आठवड्याभराने पाणी मिसळून त्याच्या ऑइलचा चहा झाला. आता मी लाइनर बसला की हेडच्या स्टडवर जाड वॉशर आणि नट लावून त्याला दाबून ठेवतो, मगच क्रँकला हात लावतो. रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून लाइनर सरळ खाली दाबायचा. जोर लागला तर थांबायचं, वर काढायचा, रिंग बघायची. हातोडीचं इथे काम नाही.

ओला लाइनर बाहेर काढला की त्याची पाण्याकडची पाठ अवश्य बघा. बऱ्याचदा एका बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. हा गंज आहे असं सगळे समजतात, पण मूळ कारण वेगळं आहे. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाला पिस्टन भिंतीवर आपटतो, लाइनर थरथरतो, त्याच्या पाठीवरच्या पाण्यात क्षणभर बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. तो फुटण्याचा मार धातू पोखरतो. खड्डा आरपार गेला की पाणी थेट सिलिंडरमध्ये. म्हणून ओल्या लाइनरच्या इंजिनात नळाचं, टँकरचं किंवा बोअरिंगचं नुसतं पाणी भरणं म्हणजे नवे लाइनर हळूहळू मारणं. गंजरोधक कुलंट पाहिजेच. आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरमध्ये ते फारसं कुणी घालत नाही, आणि मला याची मनापासून चीड आहे.

कोरड्या लाइनरला हा रोग होत नाही. त्याचा त्रास वेगळ्या ठिकाणी आहे: बसवण्यात. तो ब्लॉकमध्ये दाबून घट्ट बसवलेला असतो, काढायला प्रेस लागते, म्हणजे ब्लॉक पूर्ण सुटा करून वर्कशॉपला न्यावा लागतो. माझा ब्लॉक टेम्पोत घालून वागळे इस्टेटला नेला. दोन लाइनर प्रेसने आले, तिसरा हलेना. तिथल्या मिस्त्रींनी त्याच्या आतल्या अंगाला वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची एक रेघ ओढली आणि थंड होऊ दिलं. वेल्डिंग आकसताना लाइनरला आत ओढतं, तो सैल होतो. थोड्या वेळाने तो जवळजवळ हाताने निघाला. हे घरी करू नका, ब्लॉकची भिंत लागली तर ब्लॉकच गेला.

काही इंजिनांना सैल बसणारे, आधीच घोटून तयार केलेले कोरडे लाइनरही मिळतात. ते बसवायला सोपे, पण ब्लॉकची भिंत स्वच्छ आणि गोल नसेल तर पाठीमागे पोकळी राहते, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि तेवढ्या जागी लाइनर तापतो. दाबून बसणारा असेल तर दाबल्यावर तो किंचित आवळला जातो. म्हणून बसवल्यानंतर बोअर (आतून कातून मापात आणणं) आणि होनिंग (घासदगडांनी घोटणं) करावंच लागतं. आधी ज्या कारखान्यात मी काम दिलं होतं, तिथे जुनी भिंत न घासताच लाइनर दाबले. घरी आणून बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) लावला, वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. मधल्या सिलिंडरला 3 थाऊ लंबगोल आला. नवा लाइनर, नवा पिस्टन, आणि रिंगांना बसायला गोल जागाच नाही. तो लाइनर पुन्हा काढावा लागला. मोजमापाची साधनं विकत घेणं जड वाटत असेल तर निदान उसनी आणा, पण दुसऱ्याच्या शब्दावर इंजिन जोडू नका.

होनिंगनंतरची धुलाई ठाण्यात पावसाळ्यात करू नये, हे मी जुलैत शिकलो. होनिंगची भुकटी पेट्रोलने जात नाही, ओरखड्यांतच बसते. तिला गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश लागतो, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. पण साबणाने धुतलेलं उघडं बीड आमच्या खाडीकाठच्या हवेत रात्रीत तांबूस होतं. धुतल्या धुतल्या पुसून लगेच ऑइलचा हात फिरवा आणि प्लॅस्टिकने झाका.

बाहेर काढण्याआधी कुठला लाइनर दोषी आहे हे ठरवायची युक्ती ओल्या आणि कोरड्या लाइनरला वेगवेगळी उत्तरं देते. ऑइलमध्ये पाणी दिसलं तर लगेच लाइनरला दोष देऊ नका, हेड गॅस्केटही तेच करतं. ट्रॅक्टर रात्रभर थंड उभा ठेवा, सकाळी चेंबरचा बोल्ट अलगद ढिला करा. पाणी जड, ते आधी येतं. मग चेंबर उतरवून रेडिएटर पूर्ण भरून ठेवा आणि खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा. दुसऱ्या दिवशी ओल्या लाइनरच्या खालच्या टोकाभोवती थेंब जमले असतील तर रबरी रिंग गेली, ती बदलता येते. कोरड्या लाइनरच्या इंजिनात लाइनर आणि ब्लॉक यांच्या मधून पाणी झिरपत असेल तर जीव घट्ट करा: तिथे पाणी पोचायचा एकच रस्ता आहे, ब्लॉकची तडकलेली भिंत. नवीन लाइनर घालून ते काही काळ झाकता येतं, बरं करता येत नाही. काही ओल्या लाइनरच्या इंजिनांत दोन रबरी रिंगांच्या मध्ये ब्लॉकला बाहेरून बारीक भोक असतं, रिंग फुटल्याची खबर द्यायला. रंगकाम करताना ते बुजवू नका. भावाच्या ट्रॅक्टरला कुणीतरी तिथे पुटी भरून वर निळा रंग मारला होता.

जोडल्यानंतरची पहिली चाल दोघांची सारखीच. रिंगा भिंतीला बसायला दाब लागतो, आणि दाब भार दिल्याशिवाय येत नाही. तासन् तास मोकळा फिरवत ठेवला तर भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन कायमचं ऑइल खातं. कोलशेतला आता भार द्यायला शेत कुठे आहे? चारी बाजूंनी इमारती. म्हणून माझा 35 ट्रकवर चढवून मुरबाडला काकांकडे नेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, उशिरा राहिलेल्या दोन खाचरांची चिखलणी त्याने केली. काकांनी संध्याकाळी ऑइलची कांडी काढून बोटांवर चोळून बघितली, काळं होतं पण पातळ नव्हतं, पाण्याचा मागमूस नव्हता, आणि ब्रिदरमधून (इंजिनची हवा बाहेर सुटते त्या नळीतून) धूर येत नव्हता. भावाने फोन करून विचारलं की त्याचा 2511 पुन्हा उघडायला मी कधी येतोय. या वेळी लाइनरची उंची तो स्वतः मोजणार आहे, फीलर गेज माझाच.